कूलरची बारी

आमच्या गल्लीत उन्हाळ्याच्या दुपारी थाळी वाजते. ती वाजली की वरच्या ओळीतल्या घरांनी कूलर बंद करायचे आणि खालच्या ओळीतल्यांनी चालू करायचे. बारा ते दोन वरची ओळ, दोन ते चार खालची, चार ते सहा पुन्हा वरची. पंखे कोणीही चालवा, कूलर मात्र बारीनेच. सेलू तालुक्यातलं लहान गाव आमचं. डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, गावाहून जुना. सगळे कूलर एकदम लागले की तो फुटतो, आणि फुटला की आठ-आठ दिवस कोणी फिरकत नाही.

ही बारी सरकारने लावली नाही, ग्रामपंचायतीने लावली नाही. माझ्या बायकोने लावली, आणि मारामारी करून लावली.

एका उन्हाळ्यात डीपी फुटला तेव्हा जळतं तेल खाली पडून एका बकरीची पाठ भाजली. बकरी ओरडत गल्लीभर पळाली. मग माणसं ओरडायला लागली. तुझ्या कूलरने फुटला, नाही तुझ्याच कूलरने फुटला. विटा निघाल्या. दोघांची डोकी फुटली, एका बाईच्या हाताचं हाड मोडलं. लाइट आली त्या दिवशी माझी बायको एका हातात जेवायची पितळी थाळी आणि दुसऱ्या हातात विळा घेऊन गल्लीत उभी राहिली. थाळी विळ्यानेच वाजवली. बारी सांगितली आणि घरात आली.

पहिले चार दिवस कोणी ऐकलं नाही. मग ती घराघरात शिरायला लागली. ग्रामपंचायतीचा एक मेंबर वरच्या ओळीत राहायचा. दोन वाजून गेले तरी बनियानवर कूलरसमोर पडलेला. ती गेली, आधी पिन उपसली, मग वायर विळ्याने कापली आणि हातभर तुकडा घेऊन निघाली. मेंबर अंगावर धावला. तिने विळ्याची मूठ त्याच्या नाकावर मारली. रक्त पाहून तो खाली बसला, ती म्हणाली, "थंडं पाणी टाक, थांबते." आणि घरी येऊन तो तुकडा आमच्या दाराच्या खिळ्याला लटकवला. त्या उन्हाळ्यात खिळ्यावर पाच तुकडे लटकले. सहावा लटकवायची वेळ आली नाही. गल्ली सुधारली.

तिच्यावर हात उचलून काही मिळत नाही हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी हात उचलला, तिने मुसळ उचललं. मग दोघांनीही खाली ठेवलं. तिथून आमचं चांगलं जमलं. दोघं मिळून भाजीपाला लावायचो, वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर. सेलूच्या बाजारात ती बसायची, मी पोती वाहायचो. भावात घासाघीस करणाऱ्याला ती म्हणायची, "हाड." कुत्र्याला म्हणावं तसं. गिऱ्हाईक हसायचं आणि घेऊन जायचं.

मग तिला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जीभ पूर्ण गेली असती तर बरं, पण एक शब्द राहिला. तो कोणता ते सांगायला नको. पाणी पाहिजे, हाड. पोरगी भेटायला आली, हाड. दुखतं, हाड. मी समोर बसलो आणि तिला बरं वाटलं तरी हाड. मला सगळे हाड वेगवेगळे समजायला लागले होते. दुसऱ्या कोणाला समजत नव्हते.

ती पडून राहिली तशी पाठीला जखमा झाल्या. हिवाळ्यात त्या रुपयाएवढ्या होत्या. उन्हाळा लागला आणि मी कूलर काढला. खसाच्या ताट्या बदलल्या, पंप धुतला, बाज खिडकीपाशी ओढली. कूलरच्या ओल्या हवेने गादी दमट राहायची. जखमा तळहाताएवढ्या झाल्या. खोलीत वास यायला लागला. मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीण बाईने तिला कुशीवर केलं, पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"बाबा, कूलरची हवा ओली असते. अशाने जखमा सुकणार नाहीत, आणि हा उन्हाळा निघणार नाही. कोरडी थंड हवा पाहिजे. एसी लावता येईल का घरी?"

मीठ कमी खा म्हणावं, तसं म्हणाली. तिचा दोष नाही. तिला खरं तेच सांगायचं होतं.

पोरगी आली आणि आम्ही वर्ध्याला दुकानात गेलो. एसीची किंमत म्हणजे नवरीची साडी. ती सांगून सोयरीक जमवतात, लग्नाचा खर्च पुढे निघतो. मशीन पस्तीस हजाराचं. मी म्हटलं, चला, म्हैस गेली. दुकानदार म्हणाला, "काका, गावात व्होल्टेज कमी असते, स्टॅबिलायझर लागते." म्हटलं, पारडी गेली. मग तांब्याची नळी फुटाच्या भावाने, बाहेरच्या मशीनला लोखंडी अँगल, खांबापासून जाड वायर, मीटरचा लोड वाढवायचा तो वेगळा, बसवायची मजुरी वेगळी.

"आणखी काय ऱ्हायलं?" मी विचारलं.

"बस, एवढंच. अन् दर वर्षी सर्विसिंग."

"माह्या बायकोची सर्विसिंग त्याच्यात येते काय?"

पोरीने माझा हात दाबला. दुकानदार हसला नाही. मीही हसवायला बोललो नव्हतो.

म्हैस घ्यायला माणूस आला तेव्हा तिने त्याच्या मांडीवर लाथ मारली. तो दहा मिनिटं अंगणात लोळत होता. त्या महिन्यात मला बरं वाटलेली ती एकच गोष्ट. शेवटी दोघांनी दोर ओढला, एकाने शेपटी पिळली आणि ती गेली. बायकोने बाजेवरून सगळं ऐकलं. म्हैस तिने घेतलेली होती. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली.

बसवणारे आले त्यांनी भिंतीला मोठं गिरमिट लावलं. आमची भिंत विटा-मातीची. नळी जायला मुठीएवढं भोक पाहिजे होतं, गिरमिटाने डोकं जाईल एवढी भिंत उतरवली. घर हादरत होतं. तिला दुसऱ्या खोलीत नेली होती तरी आवाज तिच्या हाडात जात असेल, कारण ती सारखी ओरडत होती, हाड, हाड, हाड. बसवणारा घाबरून म्हणाला, "काका, आजी मलेच म्हणून राह्यली काय?"

"सबनलेच म्हणते. तू तुह्यं काम कर."

बाहेरचं मशीन गल्लीच्या बाजूने बसलं, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. ते तोंड खालच्या ओळीकडे करून गरम हवा फेकत होतं. समोर माझ्या चुलत भावाचं घर. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. एका ताटात जेवलो, एका विहिरीत पोहायला शिकलो. त्याच विहिरीत त्याने एकदा मला बुडवून पाहिलं होतं, आणि वर आल्यावर मी त्याच्या पुढच्या दाताचा तुकडा पाडला होता. असा आमचा जीव एकमेकांवर. त्याच्या सुनेला त्या उन्हाळ्यात पोरगा झाला होता. बायको पडल्यापासून थाळी वाजवायचं काम त्या सुनेकडे होतं. थाळीही तीच, आमच्या घरची.

पहिल्या दुपारी मशीन लावलं. खोली थंड झाली तशी बायको आधी भ्याली, डोळे फिरवून छताकडे पाहिलं. मग झोपली. किती महिन्यांनी ती कण्हल्याशिवाय झोपली. दोन वाजता थाळी वाजली. मी मशीन बंद केलं नाही.

खालच्या ओळीतले कूलर सुरू झाले आणि दम्याच्या माणसासारखे घरघरायला लागले. व्होल्टेज सगळं आमच्या मशीनने ओढलं होतं. थोड्या वेळात चुलत भाऊ दारात आला.

"दादा, दोन वाजले."

"माह्यापाशी घडी हाये."

"थाळी वाजली."

"आयकू आली."

"मंग बंद कर ना."

"नाई करत."

तो उंबरठ्यावरच उभा राहिला. घामाने सदरा अंगाला चिकटलेला.

"घरात लेकरू हाये दादा, महिन्याचं नाई झालं अजून. अंगभर फोडं आले त्याले. कूलर फिरून नाई राह्यला."

"माह्या घरात बाई हाये. तिच्या पाठीत हाडूक दिसते. ये, पाह्य."

"ही बारी वयनीनंच लावली."

"वयनी उठली का पाळीन तुही बारी."

"म्हंजे वयनीच्या नावानं सबन गल्ली मारतं काय तू?"

"मारतो. पयले तुले."

तो गेला. मी दार लावलं. मागे वळलो तर मशीन बंद. बायको जागी होती. रिमोट तिच्या डाव्या हाताजवळ गादीवर पडला होता, मीच ठेवलेला. लाल बटन कोणतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "हाड."

हा हाड मला समजला. थाळी वाजली आहे, असा तो होता.

मी मशीन चालू केलं आणि रिमोट कनवटीला खोचायला गेलो. तिने माझं मनगट पकडलं. डाव्या हातात तिची सगळी ताकद आली होती, दोन्ही हातांची. मी ओढलं, तिने ओढलं. ती बाजेवरून अर्धी बाहेर आली. मी तिला आत ढकलली, आणि तिने माझ्या मनगटाला चावा घेतला. सोडेच ना. रक्त तिच्या हनुवटीवर आलं. मी तिच्या गालावर दोन बोटं दाबून जबडा उघडला, कुत्र्याच्या तोंडून कोंबडी सोडवतात तसा. दोघंही धापा टाकत होतो. वरून थंड हवा येत होती.

"मरतं काय?" मी तिला म्हणालो. "तुले जगवाले म्हैस गेली माही. अन् तू मले चावतं?"

"हाड."

त्यानंतर रिमोट मी कमरेला बांधला. आठ दिवसांत जखमांच्या कडा सुकायला लागल्या. वास गेला. गल्ली माझ्याशी बोलायची बंद झाली, त्याचं मला काही नव्हतं. रोज दोनला थाळी वाजायची, रोज बायकोचा डावा हात गादीवर फिरायचा, बटन शोधायचा. मी तिच्या हाताकडे पाहत नव्हतो. पाठीकडे पाहत होतो.

मग एका दुपारी लोखंडावर लोखंड आपटलं. बाहेर गेलो तर चुलत भाऊ सब्बल, लोखंडी पहार, घेऊन बाहेरच्या मशीनवर तुटून पडलेला. जाळी आत गेली होती. आतला पंखा तुटून करकरत होता, नळीतून गॅस सूंसूं करत बाहेर येत होता. तो दर घावाला एकच म्हणत होता, "लेकरू माहं, लेकरू माहं." त्याच्या नातवाला सकाळी ताप चढून झटका आला होता, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तरी मी थांबलो नसतो.

बैलबंडीची उभारी, जाड लाकडी दांडा, भिंतीला टेकलेली होती. ती उचलली आणि त्याच्या डोक्यावर घातली. तो खाली बसला. पुन्हा उठला. सब्बल फिरवली ती माझ्या गुडघ्याला लागली. मी पडलो तसा तो माझ्या छातीवर आला. दोन म्हातारे नालीच्या काठावर एकमेकांचे गळे दाबत होतो. त्याचं रक्त माझ्या डोळ्यात जात होतं. गल्ली सगळी दारात उभी, पण सोडवायला कोणी आलं नाही. आमच्यातलं कोणीही मेलं तरी त्यांना चाललं असतं.

शेवटी आम्ही थकलो म्हणून सुटलो. त्याच्या डोक्याला सेलूच्या दवाखान्यात टाके पडले. माझा गुडघा अजूनही चढावर आवाज करतो. पोलिसात कोणीच गेलं नाही. डॉक्टरला त्याने पायरीवरून पडलो म्हणून सांगितलं. मलाही तेच सांगावं लागलं. एकाच दिवशी एकाच गल्लीतले दोन म्हातारे एकाच पायरीवरून पडले.

मशीन दुरुस्त करणारा आला. म्हणाला, नवीन पंखा, नवीन जाळी, नळीला झाळ, गॅस पुन्हा भरायचा. पहिल्यापेक्षा थोडं कमी पडेल एवढंच. मी वावरातली वांग्याची उभी तोडणी व्यापाऱ्याला मागेल त्या भावात देऊन टाकली. तेवढे दिवस बायको कूलरखाली होती. सुकलेल्या जखमा पुन्हा ओल्या झाल्या. आत पू झाला. मी त्या धुवायचो आणि धुताना चुलत भावाला शिव्या द्यायचो, मोठ्याने, भिंतीपलीकडे जातील अशा. ती ऐकायची. मध्येच हाड म्हणायची. कोणाला म्हणत होती ते या एकदा मला समजलं नाही.

मशीन पुन्हा सुरू झालं. आता मी कोणावर विसंबून नव्हतो. बाहेर जाताना दाराला कुलूप लावायचो, रिमोट कमरेला, किल्ली गळ्यात.

त्या दिवशी सकाळी पट्ट्या आणि मलम आणायला सेलूला गेलो. येताना एसटी आलीच नाही. उन्हात उभा राहिलो. डांबर बुटाला चिकटत होतं. घरी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. बाहेरचं मशीन बंद होतं. दाराची कडी उखडलेली, कुलूप लटकत, आणि उंबरठ्यावर सब्बल पडलेली. ती सब्बल मी ओळखत होतो.

आत बाज रिकामी. स्टॅबिलायझर जमिनीवर, त्याच्यावर रक्त.

मला पुढचं काही सुचलं नाही. सब्बल उचलली आणि समोरच्या घरात शिरलो. चुलत भाऊ दाराशीच उभा होता, डोक्याला पट्टी. त्याने हात वर केले. मला वाटलं मारायला वर केले. मी सब्बल उगारली. तेवढ्यात माझ्या कानशिलावर असा घाव बसला की डोळ्यांपुढे अंधार आला. सुनेने मारलं होतं. थाळीने. आमच्याच थाळीने.

"मोठे मामाजी, आधी पाह्या," ती म्हणाली. "मंग मारजा."

बायको त्यांच्या बाजेवर होती. कूलर तिच्या अंगावर लावलेला, शेजारी झोळीत लेकरू. तिचं कपाळ फुटलेलं. घामाने आणि रक्ताने केस चिकटलेले. सूनबाई तिच्या तोंडावरून ओलं फडकं फिरवत होती, तेच टाकून थाळी घेऊन धावली होती.

चुलत भाऊ सांगायला लागला. मी सब्बल धरूनच ऐकत होतो. दोनला थाळी वाजली आणि बाहेरचं मशीन बंद झालं. त्याला आधी बरं वाटलं, मग खटकलं. दादा सेलूला गेला, किल्ली त्याच्यापाशी, मग मशीन बंद कोणी केलं? त्याने खिडकीतून हाका मारल्या. आतून काहीच नाही, हाडसुद्धा नाही. मग त्याने कडी उखडली.

ती बाजेवरून खाली पडली होती आणि डाव्या हाताने अंग ओढत स्टॅबिलायझरपर्यंत गेली होती. त्याची वायर तिने उपसली. ते जड डबडं स्टुलावरून तिच्या कपाळावर पडलं. वायर तिच्या मुठीत होती. मूठ उघडायला दोघं लागले.

"बंद खोलीत पडली होती, भट्टीवानी," तो म्हणाला. "इकडे कूलर तरी होता. दवाखान्याची गाडी बोलावली हाये. केळझरच्या अलीकडं हाये म्हणते."

मी सब्बल ठेवली. तिच्या बाजूला बसलो. तिने डोळे उघडले, मला पाहिलं, आणि मला तिचा इतका राग आला की तिथेच तिला हलवून विचारावं, काय कमवलं? गल्लीने तुला काय दिलं? तुझ्या नाकासमोर नळीतून हवा येत होती, जखमा सुकत होत्या, मी सुकवत होतो. पण तिचा हात हातात घेतला.

गाडी येत नव्हती. चार वाजायला आले. सूनबाई घड्याळाकडे पाहायची, माझ्याकडे पाहायची. चारला खालच्या ओळीची बारी संपत होती.

"मोठे मामाजी, राहू देऊ काय चालू?"

"राहू दे," मी म्हणालो. "कोणाच्या बापाची हिंमत हाये?"

बायकोच्या हातात जीव आला. तिने माझ्या हातातून हात सोडवला आणि माझ्या तोंडावर मारला. लागण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण ते मारणंच होतं, कुरवाळणं नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत मला दोन्हीतला फरक समजत होता.

"हाड," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. लेकरू जागं झालं.

सूनबाईने कूलर बंद केला. थाळी घेऊन बाहेर गेली आणि वाजवली. समोर वरच्या ओळीतले कूलर एकेक करत सुरू झाले, त्यांचे पंखे चांगले जोरात फिरत होते. बारी आता आमच्या घराची होती, पण स्टॅबिलायझर फुटलेला आणि तिला पुन्हा हलवायची हिंमत कोणात नव्हती; इथला छताचा पंखा नुसती झळ फेकत होता. ती थाळी घेऊन आत आली. मी तिच्या हातून घेतली आणि बायकोला वारा घालू लागलो. पितळ जड असतं. हात भरून यायचा, मग चुलत भाऊ घ्यायचा, मग मी घ्यायचो. थाळीच्या कडेला माझ्या कानशिलाचं रक्त होतं. बायको वरच्या ओळीच्या बारीतच गेली. गाडी आली तेव्हा ड्रायव्हर दारातूनच परत फिरला.

तिरडीला पुढून एका बाजूला मी होतो, दुसऱ्या बाजूला चुलत भाऊ. घाटापर्यंत आमचं बोलणं एवढंच झालं.

"दादा, खांदा बदल, गुडघा दुखत असन तुहा."

"तूच मोडला."

"म्हून त म्हणतो."

गावात म्हणतात, म्हाताऱ्याने एसी लावला म्हणून म्हातारी गेली. काही म्हणतात, बारी लावली म्हणून गेली. मला दोन्ही खोटं वाटतं. तिला कोरडी थंड हवा लागत होती, म्हणून मी लावली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन. आणि डीपीला बारी लागते, ती तिने लावली. दोघांपैकी कोणीच मागे हटणारं नव्हतं. खर्च एवढाच की घरात दोघं होतो, आता एक आहे.

पोरगी म्हणाली, मशीन काढून विकून टाका. दुरुस्तीवाल्याला विचारलं तर काढायचेही पैसे, घेणाऱ्याच्या घरी बसवायचे पैसे, भिंतीचं भोक बुजवायचे पैसे. म्हटलं, राहू दे. मी त्याच खोलीत तिच्या बाजेवर दुपारी पडतो. बारा ते दोन लावतो. थाळी वाजली की बंद करतो. मनगटावर दातांच्या खुणा आहेत, उन्हात त्या खाजतात.

या वर्षी चुलत भावाने एसी आणला. नातू आता चालतो, घरभर पळतो. त्याला कूलरची हवा सोसत नाही म्हणे, छातीत कफ होतो. मला काही वाटलं नाही. मशीन बसलं, मी बसवणाऱ्याला पाणीही दिलं. पहिल्याच दिवशी चार वाजता सूनबाईने थाळी वाजवली. आमच्या ओळीची बारी लागली, पण माझं मशीन उठेना. समोरचं सुरूच होतं. सूनबाई थाळी घेऊन अंगणात उभी होती, मान खाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी फळीवरचा विळा काढला. मूठ तिच्या हाताने गुळगुळीत झालेली.

चुलत भाऊ थंड खोलीत पाय पसरून पडला होता. नातू त्याच्या पोटावर झोपलेला.

"काऊन आला बे दादा?"

मी आधी पिन उपसली. मग वायर विळ्याने कापली. हातभर. तो उठून धावला. नातवाला बाजेवर ठेवून धावला, तेवढं भान होतं त्याला. माझ्या कानात दिली, गुडघा गेला, मी भिंतीला आपटलो. पण विळा माझ्याच हातात होता. त्याची मूठ मी त्याच्या नाकावर घातली.

तो बाजेच्या काठावर बसला. रक्त बनियानवर पडत होतं. त्याने हाताने पुसलं, हाताकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं.

"मले वाटलं, वयनी गेली," तो म्हणाला.

"थंडं पाणी टाक, थांबते."

"नवी वायर कितीची हाये, मालूम हाये काय तुले? तू देशीन?"

"हाड," मी म्हणालो.

घरी आलो. दाराच्या खिळ्यावर पाच तुकडे होते, गंजलेले, धूळ बसलेले. सहावा लटकवला. आत गेलो, बटन दाबलं. बारी आमची होती.